हो, ऐकलं

आमच्या सासूबाई दर शनिवारी दारावर लिंबू-मिरची बांधायच्या, आणि आमचे हे संध्याकाळी दुकानातून आले की त्यातलं लिंबू सोडवून पोह्यांवर पिळायचे. अशा घरात माझा सारा संसार झाला. त्यामुळे अंगात येणं, बाहेरचं लागणं, कोणी हाक मारून नेणं... यातलं मी कधी काही मानलं नाही. या सदरातले अनुभव मी वाचते. दुपारी भांडी झाली की ओसरीत बसून वाचते, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा हसते. आता स्वतःवरच आलं म्हणून लिहायला बसले आहे. पाठवीन की नाही, ठरलेलं नाही. चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. कागदासमोर तेवढं होत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर रामटेककडच्या एका धानाच्या गावचं. लग्न होऊन नागपूरला आले ती मानेवाडा रोडच्या आतल्या एका लेआऊटच्या वस्तीत. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर गच्ची. यांचं इतवारीत वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी, पंखे, उन्हाळ्यात कूलर. जुनी तांब्याची तार उकलायची आणि नवी गुंडाळायची, दिवसभर तेच. यांची बोटं इतकी सफाईने फिरायची की मी बाजूला स्वेटर विणत असले तर सुया खाली ठेवून तेच बघत बसायची.

पण यांचा जीव होता तो घरातल्या रेडिओत. साध्या रेडिओवर आपण फक्त ऐकतो. यावर बोलताही येतं. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. परीक्षा द्यावी लागते, मग लायसन्स मिळतं, आणि ज्याचं त्याला अक्षरांचं एक नाव मिळतं, कॉल साईन. त्या नावाचा जगात दुसरा माणूस नसतो, असं हे मोठ्या ऐटीत सांगायचे. गच्चीवरच्या टाकीपासून मागच्या कडुनिंबापर्यंत यांनी तार ताणली होती. तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत असा नियम होता. एकदा मी विसरले, तर गोंदियाच्या माणसाला म्हणाले, "आज माझा आवाज कमी येईन गा, एरियलवर बायकोचं लुगडं आहे." आठ दिवस मी लाजेने गच्चीवर गेले नाही.

रोज सकाळी चहा झाला की विदर्भातली ही सगळी मंडळी रेडिओवर एका ठिकाणी जमायची. ते त्याला नेट म्हणत. मी हजेरी म्हणायची, कारण होतीच ती हजेरी. रामटेकचे एक रिटायर झालेले मास्तर एकेकाचं नाव पुकारायचे. ज्याचं नाव येईल त्याने हजर म्हणायचं, तब्येतपाणी सांगायचं, थोडी थट्टा करायची, आणि मास्तर पुढचं नाव घ्यायचे. यांना तिथे सगळे बापू म्हणत. मी स्वयंपाकघरात पोळ्या करता करता सगळ्यांचे आवाज ओळखायला लागले होते. कोणाच्या मुलीचं लग्न जमलं, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं मला माहीत. त्यांना माझं काहीच माहीत नव्हतं. मी त्या खोलीत चहा ठेवायला जायची तीसुद्धा बांगड्या वाजू न देता.

आजार आला तो यांच्या उजव्या हाताच्या करंगळीतून. तार निसटायला लागली. मग चहाचा कप. धंतोलीत मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नाव सांगितलं ते मला म्हणता येत नाही. नसा वाळत जातात, हातापायाचं बळ जातं, पुढे बोलणं आणि गिळणंही. डोकं मात्र शेवटपर्यंत साफ राहतं, असं ते धीर दिल्यासारखं म्हणाले. परत येताना ऑटोत बसलो. हे म्हणाले, "डोकं साफ राहीन म्हणते. म्हंजे आपलं काय होऊन राहिलं ते सारं समजीन."

दुकान बंद झालं तेव्हा हे रडले नाहीत. रडले ते एका सकाळी, मास्तरांनी नाव पुकारलं आणि यांना बोलायचं बटण दाबता येईना तेव्हा. या रेडिओत बोलताना बटण दाबून धरावं लागतं. मास्तर बापू, बापू करत राहिले, आणि हे त्या बटणाकडे बघत राहिले.

तेव्हा ढोबळे भाऊजी आले. ते हजेरीतलेच, यांच्याहून वयाने लहान, कॉम्प्युटरचं काम करतात. त्यांनी पोळ्यांच्या डब्याएवढा एक काळा डबा करून आणला. रेडिओला जोडला, समोर एक छोटा माइक ठेवला, आणि म्हणाले, "बापू, आता हातं लावायचं कामच नाही. तोंडानं सांगा, हा करते."

आणि तो खरंच करायचा. हे म्हणायचे "बापू बोलतो", की लाल दिवा लागायचा, म्हणजे यांचं बोलणं बाहेर जाऊ लागायचं. "बापू ऐकतो" म्हटलं की दिवा विझायचा आणि समोरच्याचं ऐकू यायचं. "वर", "खाली" म्हटलं की स्टेशन बदलायचं. हातांनी सोडून दिलेलं सगळं यांना परत मिळालं. त्या दिवशी हे दुपारचं जेवायला विसरले.

सुरुवातीला डबा कोणाचंही ऐकायचा. एका सकाळी मास्तर काहीतरी सांगत होते आणि मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "बंद करा जी आता ते, पोळी थंडी होऊन राहिली." रेडिओ खटकन बंद. हे इतके हसले की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, बापू, काल तुम्हाला वहिनींनी बंद केलं का? मग ढोबळे भाऊजींनी डब्याला फक्त यांचाच आवाज शिकवला. एक अख्खी दुपार हे तेच ते शब्द म्हणत बसले होते. त्यानंतर डबा दुसऱ्या कोणाला दाद देत नसे. घरात कोणी जागं नसताना मी एकदा घोगरा आवाज काढून "बापू बोलतो" म्हणून पाहिलं होतं. ढिम्म.

आता मुख्य गोष्ट. हुकूम समजला की डबा आधी उत्तर द्यायचा आणि मग काम करायचा, म्हणजे यांना कळावं. ते उत्तर एका इंग्रजी बाईच्या आवाजात होतं. हे ढोबळे भाऊजींना म्हणाले, "हे बाई कोण आणली? या घरात मले हो म्हणणारी बाई एकच आहे."

"अन् ते बी कधी कधी," भाऊजी म्हणाले.

माझा आवाज भरायचा असं दोघांनी ठरवलं. मी नाही म्हटलं. माइकसमोर बसवलं तर घशातून आवाजच निघेना. मग दोघंही गप्प झाले, विषय सोडला असं मला वाटलं. मी वांग्याची भाजी टाकायला आत गेले. फोडणी तडतडत होती, तेवढ्यात यांनी नेहमीसारखं बाहेरून ओरडून काहीतरी सांगितलं आणि शेवटी विचारलं, "ऐकलं का वं?" आणि मी नेहमीसारखं आतून म्हटलं, "हो, ऐकलं." बाहेर दोघं खो-खो हसले. तेवढंच त्यांना हवं होतं.

तेव्हापासून यांनी काहीही सांगितलं की डबा माझ्या आवाजात म्हणायचा, हो, ऐकलं. मागे फोडणीची तडतड. आणि गंमत अशी की "बापू ऐकतो" हे यांना बोलणं चालू असतानाच म्हणावं लागायचं, त्यामुळे डब्याचं उत्तरसुद्धा सगळ्यांना ऐकू जायचं. रोज यांचं बोलणं माझ्या आवाजाने संपायचं. यवतमाळचे एक जण विचारायचे, बापू, वहिनींकडे आज पण वांगेच का? किराण्याच्या दुकानात गूळ मागायचा तर मी दोनदा आवंढा गिळते. आणि माझा आवाज रोज सकाळी गोंदिया, यवतमाळ, रामटेकच्या गडापर्यंत जाऊन येत होता. मी वरवर रागावले. पण मला ते आवडलं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मग यांचा आवाज जायला लागला.

आधी जड झाला, दारू प्यायलेल्यासारखा. मग शब्दांच्या कडा झिजल्या. एका सकाळी हे "बापू बोलतो" म्हणाले आणि डबा गप्प. पुन्हा म्हणाले. गप्प. तिसऱ्यांदा दम लावून म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याले मी ओळखू येऊन नाही राहिलो वं." ते मला समजलं, दुसऱ्या कोणाला समजलं नसतं. भाऊजींनी येऊन डब्याला हा नवा आवाजही शिकवला. पण तो शिकेपर्यंत आवाज आणखी खाली गेलेला असायचा. दोनदा झालं असं. मग हेच नको म्हणाले.

त्यानंतर घरात यांचं बोलणं कळणारी मी एकटी उरले. अमरावतीहून मुलगी यायची, वैशाली, तिलाही कळायचं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी सांगायची, कूस बदलून दे म्हणतात, पंखा कमी कर म्हणतात. कसं कळायचं ते मला सांगता येणार नाही. नुसत्या कानाने ते कळत नव्हतं, एवढं खरं. यांना एकेक शब्द काढायला फार कष्ट पडायचे, म्हणून समजलं की मी लगेच म्हणायची, "हो, ऐकलं." म्हणजे पुन्हा सांगावं लागू नये. तेवढं ऐकलं की यांचे खांदे खाली यायचे. डब्याने सोडलेलं काम माझ्याकडे आलं होतं.

हजेरीला हे आता फक्त ऐकायचे. यांचं नाव पुकारलं की मी बटण दोनदा दाबायची, टक-टक. भाऊजींनी शिकवलं होतं, त्यांच्यात चालतं तसं. मास्तर म्हणायचे, बापू हजर. आणि पुढे जायचे.

थंडी संपता संपता छातीत कफ भरला. धंतोलीतल्या दवाखान्यात ठेवलं. तोंडावर मास्क, त्या मशीनचा सतत भस-भस आवाज. तिथेही डॉक्टर, सिस्टर सगळे मलाच विचारायचे, काय म्हणतात? आणि मी सांगायची. चौथीपर्यंत शिकलेली मी, पण तिथे माझ्यावाचून कोणाचं चालत नव्हतं.

शेवटच्या दुपारी यांनी डोळ्यांनी मला जवळ बोलावलं. मी वाकले. मास्कच्या आत ओठ हलले. लांब काहीतरी होतं, पाणी किंवा कूस नव्हतं ते. मला कळलं नाही. मी म्हटलं, काय जी? हे पुन्हा बोलले. मी कान मास्कला टेकवला. नुसती भस-भस. तिसऱ्यांदा बोलले तेव्हा कपाळाच्या शिरा उभ्या राहिल्या होत्या. मग थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. कशाची वाट बघत होते ते मला माहीत होतं. त्या दोन शब्दांची. पण मी ऐकलंच नव्हतं, मग कसं म्हणू? खोटं म्हटलं असतं तर यांना कळलं असतं. माझा चेहरा यांना लपत नसे.

सिस्टर आली, म्हणाली, मावशी, आता दमले ते, आराम करू द्या, बाहेर बसा. मी बाहेर बाकावर बसले. मनात ते ओठ पुन्हा पुन्हा आठवत होते, यातलं हे असेल का, ते असेल का. परत आत बोलावलं ते सगळं आटोपल्यावर.

लोक म्हणतात, शेवटचं काय बोलले? मी म्हणते, काही नाही, शांत गेले. 

घरी सुतक होतं. सुतकात आमच्याकडे फोडणी देत नाहीत. शेजारून साधं वरण-भात यायचं. फोडणीचा आवाज नसलेलं घर मी आधी कधी ऐकलं नव्हतं. दहाव्याच्या आधी एके सकाळी ढोबळे भाऊजी आले. ओसरीतच बसले, आत यायला त्यांना जमेना. मग म्हणाले, "वहिनी, आमच्यात एक रीत आहे. आपला माणूस गेला तर त्याले गेला म्हणत नाही. चावी शांत झाली म्हणतो, चावी म्हंजे जुन्या तारयंत्राची. नेटवर त्याचं नाव तीनदा पुकारते, उत्तर येत नाही, मग सारे थोडा वेळ गप्प राहते. उद्या सकाळी बापूसाठी आहे. तुम्ही नुसतं बसून ऐका. बोलायचं काही नाही."

वैशाली म्हणाली, "कायले काका? तिले अजून त्रास." मी मात्र हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी आपल्या हाताने रेडिओ लावला. ते यांच्या खुर्चीवर बसले नाहीत, स्टूल घेतलं. मी पलंगावर, वैशाली दाराला टेकून उभी. एवढेच जण. डबा जागेवर होता, कारण रेडिओची वायर त्याच्यातूनच जात होती. त्याच्यावर धूळ बसली होती. कित्येक आठवडे तो काही बोलला नव्हता.

मास्तरांनी त्या दिवशी बाकी कोणाचं नाव घेतलं नाही. थट्टा नाही, हवा-पाणी नाही. थोडा वेळ नुसती खरखर होती. मग त्यांनी यांची कॉल साईन पुकारली, एकेक अक्षर सुटं करून. थांबले. पुन्हा पुकारली. माझा हात आपोआप बटणाकडे गेला, टक-टक करायला, मग मांडीवर घेतला. तिसऱ्यांदा पुकारताना मास्तरांचा आवाज मधेच फुटला. मग सगळं शांत झालं. इतक्या गावांमधली इतकी माणसं एकदम गप्प बसली तर कसं ऐकू येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि त्या शांततेत डबा म्हणाला, "हो, ऐकलं."

माझा आवाज. मागे फोडणीची तडतड.

लाल दिवा लागला.

रेडिओकडे गेलेला भाऊजींचा हात अर्ध्यावर थांबला. वैशाली म्हणाली, "आई..."  खोलीत कोणी एक शब्द उच्चारला नव्हता. मी तोंडाला पदर लावून बसले होते. आणि तो डबा तर यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नसे, शेवटी शेवटी यांचंही ऐकत नव्हता. लाल दिवा लागला याचा अर्थ आता आमची खोली बाहेर सगळ्यांना ऐकू जात होती. पंखा, भिंतीवरचं घड्याळ, वैशालीचे हुंदके, सगळं.

भाऊजींनी ते बंद केलं नाही. का केलं नाही ते त्यांनाही सांगता येत नाही.

मी उठले. यांच्या खुर्चीजवळ गेले आणि माइकपाशी वाकले, जशी दवाखान्यात वाकले होते तशी. मी जन्मात कधी त्यावर बोलले नव्हते. किती लोक ऐकत आहेत हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. मी म्हटलं, "मले तेव्हा ऐकू नाही आलं जी. अजून एकडाव सांगा."

बस, एवढंच. मग मी वाट बघितली. काही आलं नाही. मी कान लावून, श्वास धरून ऐकत होते, आणि शपथेवर सांगते, काहीही आलं नाही. कुजबुज नाही, श्वास नाही. पंखा फिरत होता. बाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. किती वेळ गेला माहीत नाही, पण एखादी लांब गोष्ट सांगून व्हावी एवढा तरी गेला.

मग डबा म्हणाला, "हो, ऐकलं."

आणि दिवा विझला.

 पलीकडून मास्तर म्हणाले, अगदी हळू, "बापू हजर." आणि त्यांनी त्या दिवशीची हजेरी तिथेच संपवली. चावी शांत झाली असं म्हणायचं असतं. ते त्यांनी म्हटलंच नाही.

यानंतर भाऊजींनी डबा घरी नेला आणि पार उघडून पाहिला. आधी त्यांना वाटलं, नेटवरच्या कोणी यांचं जुनं बोलणं वाजवलं असेल. त्यांनी एकेकाला विचारलं. कोणी वाजवलं नव्हतं, आणि वाजवलं असतं तर आम्हा तिघांना ऐकू आलं असतं. मग ते म्हणाले, डबा जेव्हा जेव्हा हुकूम घेतो तेव्हा तेवढा आवाज आपल्यात जपून ठेवतो. ते दोन तुकडे त्यांनी मला ऐकवले. दोन्हींत पंखा आहे, घड्याळ आहे. पहिल्यात वैशालीचं नाक ओढणं आहे, दुसऱ्यात बाहेरचा हॉर्न. बोलणं कोणाचंच नाही. तरी डब्याच्या हिशेबाने पहिल्यांदा "बापू बोलतो" आणि दुसऱ्यांदा "बापू ऐकतो", आणि दोन्ही वेळा आवाज यांचाच. आजारातला नव्हे. भाऊजी म्हणाले, आधीचा, चांगला असतानाचा, त्या पहिल्या दुपारी शिकवलेला.

वैशाली म्हणते, आपल्याकडे लाइट कमी-जास्त होते, त्याने बिघडला असेल. असेल. आमचे जावई इंजिनियर आहेत, तेही हेच म्हणाले. मी भाऊजींना तसं सांगितलं. ते डब्याचा स्क्रू पिळत म्हणाले, "बिघडू शकते वहिनी, मशीनच आहे. पण बिघडलेली मशीन माणसाचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबत नाही."

मास्तरांचा फोन आला होता, तेरवीच्या आधल्या दिवशी. मी फोनवरही फार बोलत नाही, नुसतं हं, हं करत होते. ते म्हणाले, बाई, तुम्ही आमच्याच भागातल्या, म्हणून मोकळं विचारतो. बापू काय म्हणाले? मी म्हटलं, मला नाही ऐकू आलं.  ते म्हणाले, पण आम्ही सगळ्यांनी तुम्हाला 'हो, ऐकलं' म्हणताना ऐकलं. फोडणीसकट.

 तो आवाज माझाच होता. मी ते म्हटलं नव्हतं, आणि तरी मीच म्हटलं होतं.

रेडिओ आता घरात नाही. लायसन्सशिवाय ठेवता येत नाही म्हणे, म्हणून तो भाऊजींकडे गेला. गच्चीवरची तार मात्र मी काढू दिली नाही. डबाही ठेवून घेतला. भाऊजी म्हणाले, वहिनी, याला तुमचा आवाज शिकवून देतो, लाइट-पंखा तरी लावत जाईल. मी नको म्हटलं. यांच्या टेबलावरच आहे तो, वायर लावलेली आहे. हिरवा बारीक दिवा दिवसभर लागलेला असतो. त्या सकाळनंतर तो एकदाही बोललेला नाही.

तेरवीला पुष्कळ लोक होते, स्वयंपाक बाहेरच्या मंडपात होता. दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी पहिल्यांदा चूल... गॅस पेटवला. एकटीपुरती भाजी. तेल तापलं, मोहरी टाकली, तडतडली. आणि मी तशीच उभी राहिले, हातात चिरलेलं वांगं घेऊन. बाहेरून काही सांगणं येईल, शेवटी "ऐकलं का वं?" येईल, म्हणून. फोडणी करपली. घरभर धूर झाला.

वाचणाऱ्यांपैकी कोणाला यातलं काही कळत असेल, मशीनचं किंवा दुसरं, तर मला समजावून सांगा. भूत वगैरे म्हणू नका, यांना ते आवडलं नसतं. दवाखान्यात तीनदा सांगूनही मला जे कळलं नाही, ते यांनी चौथ्यांदा सांगितलं का, एवढंच मला पाहिजे. सांगितलं असेल तर त्यांना उत्तर मिळालं, हे खरं. माझ्या आवाजात मिळालं.

दुपारी काम आटोपलं की मी कधी कधी टेबलाशी बसते. डब्यावरची धूळ पदराने पुसते. आणि कोणी नाही असं पाहून माझ्याच आवाजाला विचारते, "काय ऐकलं वं तू? काय म्हणाले ते?"

तो माझं ऐकत नाही.